ताणासाठी सुया आणि वनौषधी: एका वेळी एकच

माझी उजवीकडची मागची दाढ तुटली तेव्हा तोंडात घास नव्हता. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात माझी रात्रपाळी चालू होती. एक मुलगा वडिलांच्या छातीवर दाब देत होता आणि मी फोनवर त्याच्याबरोबर आकडे मोजत होते. गाडी पोचली, फोन बंद झाला, आणि पुढचा फोन यायच्या आतल्या अर्ध्या मिनिटात तोंडात 'कट्' असा आवाज झाला. जिभेवर खड्यासारखा तुकडा आला.

दातांच्या डॉक्टरांनी आरसा धरून गालाच्या आतली पांढरी रेघ दाखवली. "तुम्ही दात खाता. झोपेत, आणि जागेपणीही. दाढ मी नीट करून देईन, पण दात खाणं मला थांबवता येणार नाही."

ताण हा शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःसाठी वापरला. अकरा वर्षं मी लोकांना "घाबरू नका, मी आहे फोनवर" असं सांगत आले होते. माझे खांदे कायम कानाला लागलेले असतात, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही, घरात कुणाचाही फोन वाजला तरी पोटात खड्डा पडतो, हे सगळं मी नोकरीचाच भाग धरून चालले होते.

त्यानंतरच्या दीड वर्षात अ‍ॅक्युपंक्चर आणि वनौषधी या दोन्हींचा मला उपयोग झाला. पण सुरुवात फार चुकीची केली. एकाच आठवड्यात सुया, अश्वगंधा, ब्राह्मी आणि रात्रीचा कॅमोमाइलच्या फुलांचा चहा, सगळं एकदम. तिसऱ्या आठवड्यात हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली. हे कशामुळे, ते मला सांगता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय? एरवी नाडी किती असते तुमची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता पुढचं सगळं त्या एका चुकीतून शिकून लिहिते आहे.

सुरुवात तपासणीने आणि वहीने

आधी हे नक्की करा की तुम्हाला जे होतंय तो ताणच आहे. थायरॉइड जास्त चालत असेल तर धडधड, थरथर, घाम, झोप उडणं, हे अगदी ताणासारखंच दिसतं. कमी चालत असेल तर थकवा आणि उदासी. रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल, तरी माणूस असाच गळून जातो आणि चिडचिडा होतो. म्हणून एकदा डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्या. ही साधी कामं आहेत आणि एकदाच करायची आहेत.

एक गोष्ट मात्र मी नोकरीच्या अनुभवावरून कळकळीने सांगते. छातीत दाबल्यासारखं होणं, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ, श्वास न पुरणं, यांपैकी काहीही झालं तर सुई नको आणि काढाही नको. लगेच रुग्णवाहिका बोलवा. "ताण असेल, बसेल जरा वेळाने" म्हणून तास-दोन तास वाट बघितलेल्या माणसांच्या घरून आलेले फोन मी घेतले आहेत.

मग वही. मी साधी रेघांची वही केली आणि रोज सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली टेकवायच्या आत, चार गोष्टी लिहायला लागले. रात्री किती वाजता झोपले आणि कितीदा जाग आली. जबडा किती दुखतोय, शून्य ते दहा. पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी. आणि काल काय काय घेतलं, किती वाजता. तुमचा ताण जबड्यात नसेल तर मानेत असेल, पोटात असेल, डोक्याच्या मागच्या बाजूला असेल. जिथे असेल तिथला आकडा लिहा. मनाला काय वाटतंय ते लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आकडा चुकवू नका. मनाची आठवण सोयीनुसार बदलते. मंगळवारी लिहिलेला सात शुक्रवारीही सातच राहतो.

पहिले दोन आठवडे फक्त लिहा. नवीन काहीही सुरू करू नका; डॉक्टरांच्या चालू गोळ्या अर्थातच चालू ठेवा. या दोन आठवड्यांतच पुष्कळ कळतं. मला कळलं की रात्रपाळीनंतर लगेच झोपले तर जबडा सात-आठ असतो, आणि अर्धा तास काही न करता बसून मग झोपले तर पाच. औषध न घेता मिळालेला हा दोन-तीन आकड्यांचा फरक होता.

सुया

नव्याने सुरुवात करताना मी आधी सुयाच का निवडल्या, तर त्या पोटात जात नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी सोडली तर चालू गोळ्यांशी त्यांची गाठ पडत नाही. जो आधीच दोन-तीन गोळ्या घेतो त्याच्यासाठी हा क्रम सुरक्षित आहे असं माझं मत आहे.

सुईची भीती वाटत असेल तर एवढं समजून घ्या की ही इंजेक्शनची सुई नव्हे. इंजेक्शनची सुई पोकळ असते, औषध जावं म्हणून जाड असते. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, हातात धरली तर वाकते. टोकही इतकं बारीक की ते मांस कापत जात नाही, बाजूला सारत जातं. बहुतेक जण ती प्लास्टिकच्या छोट्या नळीतून लावतात: नळी त्वचेवर टेकवायची, वरून बोटाने टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची. टिचकी कळते, टोचणं बहुतेक वेळा कळत नाही.

माणूस निवडताना मात्र भीड ठेवू नका. कुठे शिकलात, किती वर्षं करता, नोंदणी किंवा परवाना आहे का, हे सरळ विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या हव्यात. काढलेल्या सुया कडक डब्यात टाकल्या पाहिजेत. मी ज्यांच्याकडे जाते त्या बाई लावताना मोठ्याने मोजतात आणि काढतानाही मोजतात. अकरा लावल्या, अकरा निघाल्या. पहिल्यांदा मला ते मोजणं विचित्र वाटलं, आता त्याचाच आधार वाटतो. आणि समोरच्याने तुमच्या गोळ्या, आजार, गरोदरपण यांबद्दल काहीच न विचारता सुई हातात घेतली, तर उठून या. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी ती आधी सांगायची. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा हलका प्रवाह जोडण्याचा प्रकार करून घ्यायचा नाही. खांदा, छाती आणि पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं फार क्वचित होतं, पण म्हणूनच तिथे शिकलेला हात लागतो. स्वतःच्या अंगात स्वतः सुई कधीही लावू नका, कितीही सोपं वाटलं तरी.

उपाशीपोटी जाऊ नका. काही जणांना पहिल्या वेळी गरगरतं, घेरी येते. पोटात काहीतरी असेल आणि आडवे पडलेले असाल तर हे बहुधा टळतं. गरगरलं तर लगेच सांगा, सुया काढून पाय उंच केले की काही मिनिटांत ठीक वाटतं. बाह्या आणि पायजमा वर सारता येतील असे सैल कपडे घाला.

वही सुरू केल्यानंतरची माझी पहिली वेळ अजून लख्ख आठवते. बाईंनी मला दात आवळायला सांगितलं. आवळले तसा जबड्याच्या कोपऱ्याजवळ स्नायूचा टपोरा उंचवटा वर आला. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आता सोडा." बोटाखाली तो उंचवटा खाली बसायला पाहिजे होता. बसला नाही. मी सोडलंय असं मला वाटत होतं, आणि त्यांच्या बोटाखाली तो तसाच टणक होता. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मग तिथेच सुई लावली आणि अगदी हलकी फिरवली. आधी काही नाही. मग आतून एक जड, बोथट ठणका उठला आणि कानशिलापर्यंत चढला. दुखतंय म्हणावं तर दुखत नव्हतं. खूप चालून आल्यावर पोटरी चेपली की जसं बरं वाटत वाटत दुखतं, तसं काहीसं. चिनी परंपरेत या जाणिवेला 'दे ची' म्हणतात आणि सुई नेमकी बसल्याची ती खूण मानतात. तीक्ष्ण, विजेसारखी कळ आली तर मात्र ती सहन करायची नसते. लगेच सांगायचं, सुई सरकवता येते.

दोन भुवयांच्या मध्ये एक, दोन्ही मनगटांत, दोन्ही पायांवर, अशा सुया लावून बाई दिवा मंद करून गेल्या. पंचवीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं मी छत बघत पुढच्या पाळीचा विचार करत होते. नंतर कधीतरी माझं तोंड आपोआप उघडं पडलं. खालचा जबडा स्वतःच्या वजनाने खाली लोंबतोय, हे मी किती वर्षांनी अनुभवत होते कोण जाणे. डोळ्यांतून पाणी आलं. असं रडू पुष्कळांना येतं, त्याची लाज वाटून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी वहीत जबडा चार होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा सात.

हे असंच होतं, सुरुवातीला गुण टिकत नाही. आठवड्यातून एकदा असं सहा ते आठ वेळा करून मगच ठरवा. आठ वेळा झाल्यावर वहीतले पहिले दोन आठवडे आणि शेवटचे दोन आठवडे शेजारी ठेवा. फरक दिसला नाही तर थांबा, आणखी वीस बैठकांचं पॅकेज घेऊ नका. माझ्या वहीत जबड्याची सरासरी सातावरून चारावर आली होती, आणि पहाटेची जाग आठवड्यात पाचदा यायची ती दोनदा. सुया लावल्याच्या दिवशी झोप येत राहते, म्हणून बैठकीनंतर लगेच गाडी चालवणं टाळा. कुठे कुठे छोटा काळानिळा डाग पडतो, तो आठवड्यात जातो.

आता प्रश्न राहतो तो हे चालतं कसं याचा. परंपरा सांगते की शरीरात 'ची' म्हणजे जीवनशक्ती वाहते, सुई तिची वाट मोकळी करते. ही मांडणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथांत आहे. आजचे संशोधक मज्जातंतू, एंडॉर्फिन (शरीर स्वतःच तयार करतं ती वेदना कमी करणारी द्रव्यं), आणि शरीराला विसाव्याकडे नेणारी मज्जासंस्था यांच्या भाषेत बोलतात. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: पुष्कळ प्रयोगांत खरी सुई आणि टोचल्याचा फक्त भास देणारी खोटी सुई यांत फरक थोडाच निघाला आहे. म्हणजे गुणातला काही वाटा शांत खोलीचा, कुणीतरी लक्ष देऊन हात लावण्याचा, पंचवीस मिनिटं फोनपासून दूर असण्याचाही आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण याच कारणाने ताणाचा पूर्ण इलाज सुयांनी होतो असं सांगणाऱ्याकडे मी जाणार नाही.

माझ्या कामाच्या माणसांसाठी कानातल्या सुयांचा प्रकार खास सांगावासा वाटतो. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या लिंकन हॉस्पिटलमध्ये व्यसन सोडणाऱ्या लोकांसाठी कानातल्या पाच बिंदूंची एक ठरावीक पद्धत बसवली गेली. लोक गोल करून खुर्च्यांवर बसायचे, कानात सुया, कुणी काही बोलायचं नाही. अमेरिकेतल्या २००५ च्या कॅटरिना वादळानंतर हीच पद्धत वादळग्रस्तांसाठी आणि मदतीला धावलेल्यांसाठी वापरली गेली. कपडे वर सारायचे नाहीत, काय घडलं ते सांगत बसायचं नाही. ज्याला बोलायचीही ताकद उरलेली नाही, त्याला हे जमतं.

दोन पाळ्यांच्या मध्ये: फक्त अंगठा

सुई आठवड्यातून एकदा. फोन दर चार मिनिटांनी. मधल्या वेळेसाठी तेच बिंदू दाबायला शिका.

पहिला मनगटाच्या आतला, नेइग्वान. सुया लावणारे त्याला पीसी ६ म्हणतात. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा: तर्जनी, मधलं, अनामिका. तीन बोटं जिथे संपतात तिथे, मधोमध, दोन दोऱ्यांसारख्या शिरा हाताला लागतील. मूठ थोडी वळली की त्या उठून येतात. त्या खऱ्या शिरा नव्हेत, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा आहेत. त्या दोघांच्या मधल्या खाचेत अंगठा. बोटं तुमचीच मोजायची, कारण या शास्त्रात माप ज्याचं अंग त्याच्याच बोटांचं. मळमळीवर या बिंदूचा उपयोग चांगला तपासला गेलेला आहे; वाईट फोननंतर ज्यांना पोटात ढवळतं त्यांनी हाच आधी करावा.

दुसरा भुवयांच्या मधला, यिनतांग. मधल्या बोटाने हलका दाब द्या, डोळे मिटून. तिसरा पायाचा, ताइचोंग: अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्या बेचक्यातून बोट पावलावर मागे सरकवत न्या, दोन हाडं जिथे जवळ येतात तिथे एक खळगा लागतो. ताणाच्या माणसाला तो दाबला की हमखास दुखतो. पाळी संपवून घरी आल्यावर हा दाबायला मला बरा वाटतो. हाताच्या अंगठ्याजवळचा हगू हा बिंदू सगळ्यांना माहीत असतो, पण गरोदरपणात तो दाबू नये असं परंपरेने सांगितलेलं आहे.

दाब किती? दुखून चेहरा वाकडा होईल इतका नको. बिंदू कळेल आणि श्वास मोकळा राहील इतका. मिनिटभर ते दोन मिनिटं, श्वास सोडताना दाब वाढवा, घेताना कमी करा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. मला विचाराल तर या दाबण्याचा निम्मा गुण या लांब श्वासातच आहे.

मुळ्या, पानं, फुलं

सुया सुरू करून आठ आठवडे झाले, वहीतले आकडे स्थिर झाले, मग वनौषधी. त्यातही एका वेळी एकच.

अश्वगंधेबद्दल जास्त लिहिते, कारण आज ताण म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडी तिचंच नाव आहे आणि माझी चूकही तिथेच झाली. नाव तिच्या ताज्या मुळाच्या घोड्यासारख्या वासावरून आलं. 'सोम्निफेरा' या शास्त्रीय नावाचा अर्थ झोप आणणारी. ताणासाठी झालेल्या प्रयोगांत बहुतेक वेळा मुळाचं घनसत्त्व (अर्क काढून घट्ट केलेला भाग) दिवसाला २४० ते ६०० मिलिग्रॅम, साधारण आठ आठवडे दिलं गेलं, आणि ताण व झोप यांत सुधारणा दिसली. हे प्रयोग लहान आणि कमी काळाचे आहेत. वर्षानुवर्षं घेतल्याने काय होतं हे त्यांतून कळत नाही. चूर्ण आणि घनसत्त्व एक नव्हे, हे लक्षात ठेवा. कॅप्सूलवरचे ३०० मिलिग्रॅम म्हणजे चमचाभर चूर्ण नव्हे. एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नका.

मी सहा वर्षं थायरॉइडची गोळी घेते. "झाडपाल्याचंच तर आहे" असं म्हणून मी अश्वगंधेचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात. वरून गोळी, खालून मुळी. रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड जास्त चालला की उतरणारा आकडा, खाली गेला होता. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "गोळी मी मोजून दिली होती ना?" अश्वगंधा बंद केली, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडा जागेवर आला. तेव्हापासून मी ती घेत नाही.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आधी हे बघा. थायरॉइडचा त्रास, गरोदरपण किंवा अंगावरचं दूध, यकृताचा आजार, झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं: यांपैकी एकही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि गरोदरपणात नाहीच. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, बहुधा सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवा. आणि आठ-बारा आठवड्यांनी स्वतःहून थांबून वही बघा. कायमची चालू ठेवू नका.

ब्राह्मी संथ आहे. तिचा गुण बघायला बारा आठवडे धरा. आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून मात्रा वाढवू नका. उपाशीपोटी घेतली तर मळमळ, पोटात कळ, पातळ शौच; मला पहिल्या तीन दिवसांत हे झालं, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबलं. नाडी मुळातच संथ असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. ताजी पानं वापरणार असाल तर झाड ओळखता आलं पाहिजे, कारण ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. खरी ब्राह्मी ओलसर जमिनीवर पसरते, पानं छोटी, जाडसर, देठाकडे निमुळती, नखाएवढी. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं. दुसरी मंडूकपर्णी: तिचं पान गोल, देठाकडे खाच असलेलं, लांब दांडीवर उभं. तीही औषधी आहे, पण तिचे गुण वेगळे आणि मात्रा वेगळी. माझं सांगायचं तर दहाव्या आठवड्याच्या सुमारास घरी जाताना डोक्यात जुने फोन पुन्हा पुन्हा वाजणं कमी झालं. हा ब्राह्मीचाच गुण असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, सुयाही चालू होत्या. पण वहीत ते त्याच आठवड्यात आहे.

कॅमोमाइल सगळ्यात सौम्य, आणि माझ्याकडे आजही टिकून आहे. वाळलेली फुलं दोन चहाचे चमचे, त्यावर कपभर उकळतं पाणी, आणि लगेच झाकण. झाकण विसरू नका. वास म्हणजेच तेल, आणि ते वाफेबरोबर उडून जातं. दहा मिनिटांनी झाकण उचललं की त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात, ते परत कपात झटकायचे. झोपायच्या तासभर आधी. सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी हे टाळावं.

लॅव्हेंडरचं तेल हुंगायला चांगलं, रुमालावर एक थेंब पुरे. बाटलीतलं तेल पिऊ नका. तुळशीचा काढा घशाला आणि मनाला बरा वाटतो, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. शंखपुष्पीची सरबतं सर्रास दिली जातात, पण फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांनी ती घेऊ नयेत. त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घसरून फिट येऊ शकते. ज्येष्ठमध मिश्रणांत गोडीसाठी घातलेलं असतं, रोज घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. कावा नावाची मुळी यकृताला घातक ठरल्याच्या नोंदींमुळे मी जवळ करत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उदासीवर घेतात, पण नैराश्याच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अशा कितीतरी औषधांशी तिचं वाकडं आहे. स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका.

जटामांसीचा वास मला फार आवडतो, आणि तरी मी ती विकत घेत नाही. ती हिमालयात ३,००० मीटरच्या वर उगवते, आणि औषध मुळात असल्याने ती काढायची म्हणजे अख्खं झाड उपटायचं. आज ती नामशेष व्हायच्या वाटेवर आहे, तिच्या जागतिक व्यापारावर बंधनं आहेत. माझ्या झोपेसाठी दुसरे पुष्कळ उपाय आहेत.

विकत घेताना वेष्टन उलटून वाचा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग (मूळ की पान), घनसत्त्व की चूर्ण, बॅच क्रमांक, मुदत, आणि शिसं-पारा यांसारख्या जड धातूंची तपासणी केल्याचा उल्लेख. "ताणमुक्ती मिश्रण" असं लिहून आत बारा वनस्पती असतील तर ठेवून द्या. बाधलं तर बारांपैकी कुणी बाधलं ते कसं कळणार? वैद्यांकडून घेत असाल तर पुडीवर नाव लिहून मागा. चांगला वैद्य नाव लपवत नाही. आणि चालू गोळ्यांची यादी वैद्यांना, वनौषधींची यादी डॉक्टरांना, असं दोन्हीकडे सांगा. मी आता वहीच पुढे करते.

कुठे थांबायचं

दोन आठवडे सलग झोप नाही, रडू आवरत नाही, कामावर जाववत नाही, अचानक जीव घाबरून श्वास अडकतो, दारूचा आधार लागतोय, किंवा जगू नये असं वाटतंय: इथे सुया आणि वनौषधी पुरे पडत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि शेवटचा विचार मनात आला तर आजच, कुणाला तरी बरोबर घेऊन. मीही चार महिने समुपदेशन घेतलं. चालू असलेली मनाची गोळी सुयांनी बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

माझी आठवडी बैठक पहिल्या आठनंतर पंधरा दिवसांवर आणि मग महिन्यावर आली. ब्राह्मी बारा आठवड्यांनी थांबवली. रात्री दातांवर बसवायची पट्टी दातांच्या डॉक्टरांनी दिली आहे, ती अजून लावते. गेल्या तपासणीला त्यांनी पुन्हा आरसा धरला: गालातली रेघ आहे, पण पुसट. वही चालूच आहे, आता तिसरी. रविवारी मागच्या आठवड्याची पानं चाळते. जबडा सलग तीन सकाळी पाचच्या वर गेला असेल तर महिना भरायची वाट न बघता बाईंना फोन करून वेळ घेते.